आपत्तीची आंतरराष्ट्रीय परिभाषा आणि मराठीचा व्यवहार

संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने आपत्तीविषयक तीन जागतिक परिषदा आजवर भरल्या, आणि तिन्ही जपानात भरल्या : पहिली १९९४ च्या मे महिन्यात योकोहामा येथे, दुसरी २००५ च्या जानेवारीत कोबे येथे व तिसरी २०१५ च्या मार्चमध्ये सेंडाई येथे. या परिषदांच्या ठरावांचा अभ्यास भूगोलाचे व प्रशासनशास्त्राचे अभ्यासक करीत असतात. भाषेच्या अभ्यासकाने त्यांत डोकावण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ते प्रयोजन परिषदांच्या नावांतच आहे.

योकोहामाच्या परिषदेचे नाव ‘नैसर्गिक आपत्ती न्यूनीकरण परिषद’ असे होते. कोबेच्या परिषदेच्या नावातून ‘नैसर्गिक’ हे विशेषण गळले व ती नुसती ‘आपत्ती न्यूनीकरण परिषद’ झाली. सेंडाईच्या नावात एक नवे नाम येऊन बसले, ते ‘रिस्क’. कमी करावयाची ती आपत्ती नव्हे, आपत्तीची जोखीम, असे त्या नावाने सांगितले. म्हणजे एकवीस वर्षांत एक विशेषण गेले आणि एक नाम आले. हाच प्रवास यंत्रणेच्या नावातही उमटला आहे. १९८९ च्या डिसेंबरात आमसभेने ठराव करून १९९० पासूनचे दशक ‘नैसर्गिक आपत्ती न्यूनीकरणाचे आंतरराष्ट्रीय दशक’ म्हणून जाहीर केले. दशक सरताना, १९९९ मध्ये, जी कायम यंत्रणा उभी राहिली तिच्या नावात ‘नैसर्गिक’ नव्हते. आणि २०१९ मध्ये तिचे संक्षिप्त नाव बदलले तेव्हा ‘रिस्क’चे आद्याक्षर त्यात दाखल झाले.

विशेषण गळण्यामागचा वाद जुना आहे. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर व्हॉल्तेरला लिहिलेल्या पत्रात रूसोने असा मुद्दा काढला होता की, एवढी उंच घरे इतक्या दाटीने निसर्गाने बांधली नव्हती. १९७६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ओकीफ, वेस्टगेट व विस्नर या तिघांनी ‘नैसर्गिक आपत्ती’तील नैसर्गिकपणा काढून टाकावा, असे प्रतिपादन केले. भूकंप हा निसर्गाचा, परंतु भूकंपाने माणसे मरतात ती घरांखाली, आणि घर हे समाजाचे, असे त्या युक्तिवादाचे थोडक्यात स्वरूप आहे. सेंडाईच्या आराखड्याने तर आपली कक्षा स्पष्टच वाढवली. निसर्गनिर्मित व मानवनिर्मित, लहान व मोठ्या, तंत्रज्ञानजन्य व जैविक अशा सर्व आपत्ती त्याने एका छत्राखाली घेतल्या. ज्या डोंबिवलीत बसून प्रस्तुत लेखक हे लिहीत आहे तेथील औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यात झालेले प्राणघातक स्फोट पहिल्या परिषदेच्या नावात बसले नसते, तिसऱ्या परिषदेच्या कक्षेत मात्र बसतात. एका विशेषणाच्या जाण्याने किती गावे आत येतात याचे हे जवळचे उदाहरण होय.

मराठीत हा पालट अनुवादाच्या वाटेने आला. शब्द आले, पण त्या शब्दांनी आपल्या व्यवहारात करावयाचे काम ते करीत नाहीत. आपले प्रशासन व वृत्तपत्रे आजही ‘नैसर्गिक आपत्ती’ हाच जोडशब्द सर्रास वापरतात. मौज अशी की, जो भेद करावयास आंतरराष्ट्रीय परिषदांना वीस वर्षे लागली त्याच्यासाठी लागणारी सामग्री मराठीत आधीपासून पडून होती.

‘अस्मानी-सुलतानी’ हा जोडशब्द घ्या. फारसी ‘आस्मान’ म्हणजे आकाश आणि अरबीतून आलेला ‘सुलतान’ म्हणजे राज्यकर्ता. आकाशातून आलेले संकट निराळे आणि राज्यकर्त्याकडून आलेले संकट निराळे, असा भेद हा शब्द करतो. आज तो वक्तृत्वातला अलंकार होऊन बसला असला तरी मुळात तो हिशेबाचा शब्द होता. सारावसुलीच्या करारांत, कौलपट्ट्यांत तो येत असे. अस्मानी वा सुलतानी ओढवली तर रयतेला सूट मिळावी अशी ती तरतूद असे. कारणाच्या वर्गीकरणावर पैशाचा व्यवहार अवलंबून होता, म्हणून भाषेने ते वर्गीकरण नीट सांभाळले.

तथापि या शब्दाचे कौतुक करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण आपल्याकडे जुना शब्द सापडला की पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे म्हणण्याची खोड आहे. करारातल्या ‘सुलतानी’चा अर्थ राज्यकर्ता जबाबदार आहे असा नव्हता. उलट, सुलतानाची स्वारी ही पावसाइतकीच रयतेच्या आवाक्याबाहेरची, असा होता. दोन्ही कारणे एकाच कलमात शेजारी बसली ती या अर्थाने. सुलतानाला जाब विचारता येत नाही हे त्या शब्दात गृहीत आहे. लोकशाहीत त्या जागी नगरपालिका, पाटबंधारे खाते व नगररचना विभाग आले, आणि त्यांना जाब विचारता येतो. म्हणजे शब्दाची चौकट उपयोगी आहे, पण तिच्यातले गृहीतक टाकून दिले पाहिजे. आपण नेमके उलट केले. गृहीतक ठेवले, चौकट टाकली आणि वर ‘नैसर्गिक’ची चिठ्ठी चिकटवली.

याचा प्रत्यय आपत्तींच्या नामकरणात येतो. १२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर जे संकट आले त्यास अवघा महाराष्ट्र ‘पानशेतचा पूर’ म्हणतो. पूर म्हणजे नदीला येतो तो. येथे पानशेतचे धरण, काम पुरे होण्यापूर्वीच, पाण्याने भरून फुटले होते आणि त्यामागोमाग खडकवासल्याचेही फुटले होते. ‘पूर’ या शब्दाने धरण नदीत विरघळवून टाकले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तर भूकंपशास्त्राच्या ग्रंथांत जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून येतो. अस्मानी की सुलतानी हा प्रश्न इतक्या नेमकेपणे उभा करणारे दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही. परंतु नावात भूकंप तेवढा आहे. २००५ च्या पावसाचे नाव तर नुसती तारीख आहे : ‘२६ जुलै’. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यात ‘सव्वीस जुलैला तुम्ही कुठे होतात?’ असे विचारले तर वर्ष सांगावे लागत नाही. तारखेचे विशेषनाम झाले आहे. स्मरणाच्या दृष्टीने हे नाव प्रभावी आहे यात शंका नाही. पण त्यात नदी नाही, नाला नाही, बुजवलेली खाजण नाही. तारखेला कारण नसते.

नामांपेक्षाही क्रियापदे अधिक बोलकी आहेत. मराठीत अकर्मक व सकर्मक धातूंच्या जोड्या विपुल आहेत : पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, बुडणे-बुडवणे, तुटणे-तोडणे. आपत्तीच्या वृत्तान्तात या जोड्यांतले पहिलेच रूप येते. दरड कोसळली, धरण फुटले, गाव बुडाले, पूल वाहून गेला. कर्ता नसलेली वाक्ये लिहिणे हा बातमीदारांचा अपराध नव्हे. घटनेच्या पहिल्या तासाला कर्ता ठाऊकच नसतो. पण पहिल्या तासाचे वाक्य दहा वर्षांनी अहवालातही तसेच राहते. या सर्वांत ‘घरात पाणी शिरले’ हे वाक्य मला विशेष चिंतनीय वाटते. ‘शिरणे’ हे क्रियापद अनधिकृत प्रवेशाचे आहे. चोर शिरतो, साप शिरतो. त्यामुळे उल्हास नदीच्या पूरमैदानात उभ्या राहिलेल्या वसाहतीत जेव्हा ‘पाणी शिरते’, तेव्हा वाक्याच्या रचनेनेच पाणी आगंतुक ठरते व घर मूळचे ठरते. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. पाण्यात घर शिरलेले असते. तसे मात्र कोणी म्हणत नाही.

आता ‘रिस्क’ या शब्दाकडे वळू. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने परिभाषेचा जो संग्रह सिद्ध केला व आमसभेने २०१७ मध्ये मान्य केला, त्यात चार घटकांचा संबंध सांगितला आहे. ‘हॅझर्ड’ म्हणजे अपाय करू शकणारी घटना. ‘एक्स्पोजर’ म्हणजे त्या घटनेच्या टप्प्यात माणसे, घरे व मालमत्ता असणे. ‘व्हल्नरॅबिलिटी’ म्हणजे त्यांना इजा होण्याजोगी त्यांची स्थिती. आणि ‘कपॅसिटी’ म्हणजे निभावून नेण्याचे बळ. या चौघांच्या मेळातून संभाव्य हानी, म्हणजेच ‘रिस्क’, ठरते. सर्व इमारत या भेदावर उभी आहे. पाऊस कमी करता येत नाही, पण पावसाची ‘रिस्क’ कमी करता येते, हे विधान हा भेद असेल तरच सार्थ होते.

शासकीय व वृत्तपत्रीय मराठीत ‘रिस्क’साठी कधी ‘धोका’ व कधी ‘जोखीम’ येते. ‘हॅझर्ड’साठीही ‘धोका’च येतो. दोहोंस एकच शब्द दिला की समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्याच होतात व सांगावयाचे काही उरत नाही. ‘धोका कमी करणे’ असे म्हटले की सामान्य वाचकाला पूर कमी करणे असेच वाटते, आणि तो मनातल्या मनात म्हणतो की, पूर का कोणाच्या हातात आहे? पदव्युत्तर वर्गात मी एकदा ‘धोका’ व ‘जोखीम’ यांची वाक्ये करावयास सांगितली. धोका ‘असतो’, ‘होतो’, ‘संभवतो’ आणि (चित्रपटांच्या कृपेने) ‘दिला जातो’; जोखीम मात्र ‘घेतली’, ‘पत्करली’, ‘उचलली’ जाते. एकाचा कर्ता बाहेर आहे, दुसरीचा घरात. भाषेने केलेली ही वाटणी परिभाषेच्या वाटणीशी इतकी जुळते की, ‘हॅझर्ड’ला ‘धोका’ व ‘रिस्क’ला ‘जोखीम’ हे पर्याय कायम करण्यास काय अडचण आहे ते समजत नाही.

‘जोखीम’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो नव्या पिढीच्या कानांवरून जवळजवळ गेला आहे. जुन्या बोलण्यात जोखीम म्हणजे जवळ बाळगलेला दागिना वा रोकड : ‘अंगावर जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको.’ धोका वाटेवरच्या चोराचा. जोखीम आपल्या अंगावरची. मौल्यवान वस्तू व तिला होऊ शकणारी हानी यांस एकच शब्द देऊन भाषेने ‘एक्स्पोजर’ची कल्पना सहज सांगितली आहे. आमच्या आजीच्या पिढीला हे वाक्य समजावून द्यावे लागले नसते.

‘व्हल्नरॅबिलिटी’चे मराठीत फारच हाल झाले. ‘असुरक्षितता’, ‘भेद्यता’, ‘दुर्बलता’, ‘संवेदनशीलता’ असे नाना पर्याय फिरत असतात. त्यांतला ‘संवेदनशील’ हा सर्वांत रूढ. आपल्याकडे कवी संवेदनशील असतो, मतदानकेंद्र संवेदनशील असते आणि डोंगरपायथ्याचे गावही संवेदनशील असते. गावाच्या बाबतीत मात्र ‘प्रवण’ हा प्रत्ययासारखा चालणारा शब्द अधिक रुळला आहे : दरडप्रवण, पूरप्रवण, अवर्षणप्रवण. संस्कृतात ‘प्रवण’ म्हणजे उतरता, झुकलेला. त्यावरून एखाद्या गोष्टीकडे ओढा असलेला. डोंगरउतारावरच्या वाडीला हा शब्द व्युत्पत्तीने अगदी चपखल बसतो. दोष असा की, ‘दरडप्रवण गाव’ म्हटल्यावर दरडीकडे ओढा गावाचाच आहे असे व्याकरण सुचवते, आणि एकदा तो गावाचा स्वभाव ठरला की त्याची यादी करता येते. यादी झाली की यादीबाहेरचे गाव आपोआप निर्धास्त. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले व दीडशेवर माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे शासनाने विधिमंडळात सांगितले. ही माहिती खरी होती. पण ते स्पष्टीकरण म्हणून दिले गेले, यादीवरचा आक्षेप म्हणून नव्हे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मराठीचा प्रशासकीय शब्दसंग्रह एकत्र मांडून पाहिला तर त्याचा कल स्पष्ट दिसतो. पंचनामा, नुकसानभरपाई, सानुग्रह अनुदान, मदत, पुनर्वसन, छावणी, स्थलांतर हे सर्व शब्द घोटीव, निःसंदिग्ध व खेडोपाडी समजणारे आहेत. तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत त्यांच्या अर्थाबद्दल मतभेद नाही. आणि हे सर्व शब्द आपत्तीनंतरचे आहेत. आपत्तीपूर्वीच्या शासकीय मराठीत काय आहे? ‘मान्सूनपूर्व तयारी’ आणि ‘नालेसफाई’. पैकी दुसरा शब्द दरवर्षी उन्हाळ्यात जन्मतो व पहिल्या मोठ्या सरीत वाहून जातो. सेंडाईचे सर्व बळ ‘नंतर’कडून ‘आधी’कडे वळण्यावर आहे. आपली राजभाषा मात्र ‘नंतर’च्या शब्दांनी समृद्ध व ‘आधी’च्या शब्दांनी दरिद्री आहे.

घरगुती मराठीची स्थिती याच्या उलट आहे. कोकणात पावसाळा तोंडावर आला की आगोटीची बेगमी होई. कौले परतली जात, छप्पर शाकारले जाई. देशावर बांधबंदिस्ती होई. धान्य पेवात उतरे. बेगमी, शाकारणी, आगोट, पेव हे सर्व शब्द ‘आधी’चे आहेत. हे व्यवहार बदलले तसे शब्दही मागे पडले, त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. पण ‘प्रिपेअर्डनेस’ला ‘पूर्वतयारी’ असा फिका शब्द योजण्यापूर्वी ‘बेगमी’चा विचार कोणी केला होता काय, एवढे विचारावेसे वाटते.

अर्थात ‘आधी’ची काळजी म्हणजे शहाणपण, असेही सरसकट म्हणता येत नाही, आणि याचा दाखला मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याचे परिमाण सुमारे ६.२ होते, म्हणजे जगाच्या हिशेबाने मध्यमच. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. तेथील घरे जाड दगडी भिंतींची, दगड मातीत बसवलेले. वर लाकडी तुळयांवर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून माळवद जाड. पावसात गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी पांढऱ्या मातीचा नवा थर. ऊन आणि पाऊस या दोन धोक्यांची बेगमी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर साचत गेली व तिसऱ्या धोक्याच्या रात्री तीच खाली आली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत निर्धोक अशा पहिल्या पट्ट्यात होता. पुढे २००२ च्या सुधारित नकाशात तो पट्टाच रद्द झाला. योकोहामाची परिषद भरली ती किल्लारीनंतर आठ महिन्यांनी. नावात ‘नैसर्गिक’ होते. माळवद नैसर्गिक नव्हते; पण ते गरिबाने अडाणीपणाने बांधलेलेही नव्हते, कारण वाडे असलेल्या संपन्न घरांच्या भिंती अधिकच जाड होत्या. ‘व्हल्नरॅबिलिटी’चे ‘दुर्बलता’ असे भाषांतर करणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे.

आता ज्या दस्तऐवजाच्या नावाने हा सर्व प्रपंच, त्या सेंडाई आराखड्याची भाषाही तपासून पाहणे न्यायाचे होईल. केवळ आपल्याच भाषांतरकारांना दोष देऊन भागणार नाही. आराखड्यात सात जागतिक उद्दिष्टे आहेत. प्राणहानी, बाधितांची संख्या, आर्थिक नुकसान व महत्त्वाच्या सोयींची हानी ही चार घटवावयाची. राष्ट्रीय व स्थानिक धोरणे असलेल्या देशांची संख्या, आंतरराष्ट्रीय सहकार्य व पूर्वसूचनेची उपलब्धता ही तीन वाढवावयाची. या सातांपैकी सहा उद्दिष्टांत ‘लक्षणीय प्रमाणात’ या अर्थाचे क्रियाविशेषण आहे. ते नाही ते फक्त आर्थिक नुकसानीच्या उद्दिष्टात. तेथे नुसतेच ‘घटवणे’ आहे. लक्षणीय म्हणजे किती, हे कोठेही आकड्याने सांगितलेले नाही. करार ऐच्छिक व अबंधनकारक असल्याने असे होणे अटळ होते, हे मान्य. पण संख्येची जागा क्रियाविशेषणाने घेतली की तपासनीसाचे काम टीकाकाराकडे येते. जबाबदारीच्या बाबतीतही असेच. मुख्य जबाबदारी राज्यसंस्थेची, असे म्हणून लगेच ती नाना ‘स्टेकहोल्डरां’त वाटून दिली आहे. मराठीत या शब्दाचे ‘भागधारक’ असे भाषांतर प्रचलित आहे. कंपनीचे शेअर ज्याच्याकडे तो भागधारक. पूररेषेत राहणाऱ्या मोलकरणीला आपण कशात भाग धरला आहे हे कळावयास मार्ग नाही.

‘पूररेषा’ हा शब्द मात्र चांगला उतरला आहे, ते नमूद केले पाहिजे. पाटबंधारे खात्याची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. दोन साधे शब्द व दोन रंग यांत संभाव्यतेचे गणित बसले. बांधकाम व्यावसायिकांच्या या शब्दाविषयीच्या अस्वस्थतेवरून तो अर्थवाही आहे हे सिद्ध होते.

‘रेझिलिअन्स’विषयी थोडे. त्यास ‘लवचिकता’ म्हणतात. फांदी लवचिक असते; वाऱ्याने वाकते व वारा गेला की होती तेथे येते. माणसाने होता तेथेच परत यावे काय, हा प्रश्न आहे, कारण सेंडाईच्या चौथ्या प्राधान्यक्रमात पूर्वीपेक्षा चांगली बांधणी करण्याचे कलम आहे. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी लोकलगाडी सुरू होते न होते तोच डोंबिवलीकर फलाटावर उभा असतो, आणि वृत्तपत्रे त्याच्या जिद्दीचे गोडवे गातात. त्यास रजा नसते, हे त्या गौरवात येत नाही. मला ‘तग’ हा शब्द सुचवावासा वाटतो. ‘तग धरणे’ यात बळ आहे, काळ आहे, आणि तग ‘लागत नाही’ असेही म्हणता येते. म्हणजे मर्यादाही आहे. (दुष्काळात शेतकऱ्यास मिळणाऱ्या ‘तगाई’शी याचा संबंध जोडण्याचा मोह होईल. ‘तगाई’ ही बळ देणे या अर्थाच्या अरबी शब्दाकडून आली आहे. साम्य ध्वनीचे आहे, कुळाचे नव्हे.)

या सर्व शब्दचर्चेत प्रत्यक्ष जीव गुंतलेला आहे तो पूर्वसूचनेच्या ठिकाणी. सेंडाईचे सातवे उद्दिष्ट तेच आहे, आणि २०२७ अखेर जगातील प्रत्येक माणसाला पूर्वसूचनेचे कवच मिळावे अशी घोषणा संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी २०२२ च्या मार्चमध्ये केली. संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाच्या भाषा सहा आहेत. सूचना पोहोचावयाची ती यांपैकी एकही न बोलणाऱ्या कोट्यवधींना. तेव्हा शेवटचा टप्पा भाषेचा आहे.

हवामानखात्याच्या अंदाजातील ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ हा प्रयोग पाहा. खात्याच्या परिभाषेत तुरळक म्हणजे विभागातील फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर. तो शब्द क्षेत्राला लागतो. ऐकणारा तो पावसाला लावतो व निर्धास्त होतो. ‘अतिवृष्टी’चे तर आणखी विचित्र. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की महसुली अर्थाने ती अतिवृष्टी, व भरपाईचा दावा तेथून सुरू होतो. औशाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. डोंबिवलीत जुलैमधला असा दिवस छत्री घेऊन भाजी आणण्याचा असतो. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्याला त्याच काळात अवघा ७३, तेव्हा दोन्ही ठिकाणी एकच शब्द लागू होतो. कोबेचा आराखडा संमत होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. त्या पावसात राज्यात हजाराहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षाअखेर देशाचा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम झाला, आणि त्याच्या व्याख्येत निसर्ग, मनुष्य व अपघात यांच्याबरोबर ‘हयगय’ हेही आपत्तीचे कारण म्हणून नोंदले गेले. कायद्याच्या भाषेने एवढे धैर्य दाखवले. पंचनाम्याच्या भाषेत ते अद्याप उतरलेले नाही.

आकडा भाषेत कसा रुजतो हे पाहावयाचे तर कोल्हापूर-सांगलीकडे जावे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा व ४३ ला धोका. कृष्णेच्या आयर्विन पुलाशी ४० ला इशारा व ४५ ला धोका. २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांनंतर हे आकडे तेथे पाढ्यासारखे पाठ झाले आहेत. ‘आज किती फूट?’ असे विचारले की नदीचे नाव, बंधाऱ्याचे नाव, काहीच सांगावे लागत नाही. बदलापूरला उल्हास नदीची धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे, आणि पावसाळ्यात ती वृत्तपत्रांत छापूनही येते. गेल्या पावसाळ्यात हा आकडा मी वर्गात विचारला. कल्याण, डोंबिवली व बदलापूरहून येणारे विद्यार्थी पुष्कळ होते. कोणाला सांगता आला नाही. शिरोळ तालुक्यातून शिकावयास आलेल्या एका मुलीने मात्र विचारले, ‘सर, मीटर म्हणजे फुटांत किती?’